धड कपडे

"त्या ऑनलाइन ग्रुपवरून ताईला जोखू नकोस," नवऱ्याने तिला सहा महिन्यांपूर्वीच बजावलं होतं. "तुला काय जातंय बोलायला, पोर मला सांभाळायचीय," असं म्हणून तिने ते उडवून लावलं होतं. आज त्याच पोरीला कडेवर घेऊन ती ताईच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. काय बोलायचं ते पाठ होतं. बाळाला भेटायचं नाही, निरोप पाठवायचे नाहीत, संपलं.

ताई, तिची सख्खी बहीण, रफूचं काम करायची. दोन वर्षांपूर्वी तिने धर्म सोडला. भांडण नाही, तंटा नाही. आधी प्रार्थनेला उशिरा येऊ लागली, मग यायचीच थांबली. विचारलं तर म्हणाली, "आतून काही वाटेना गं." एवढ्या साध्या उत्तरावर हिचा विश्वास बसला नाही. बाळंतपणानंतर, पोरीला पाजता पाजता, ती धर्म सोडलेल्यांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप वाचू लागली. तिथे कुणी आईच्या डोळ्यांदेखत ग्रंथ फाडला होता, कुणी भावाच्या मुलांना गुपचूप फितवत होता. सगळे धुमसणारे. 'बाळाला बघायला कधी येऊ?' असा ताईचा मेसेज आला, की ही फोन पालथा ठेवायची. तिने एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

"उभी का? बस की," ताई म्हणाली. डोळ्यासमोर भिंग, मांडीवर कुणाचा तरी कोट. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढून ती कोपरावरचं भोक विणत होती. बाळाकडे तिने डोळे भरून पाहिलं. हात मात्र पुढे केला नाही.

"मी ग्रुप वाचलाय, ताई. तुमच्या लोकांचा."

"माझे लोक?" ताईला हसू आलं. "मीही डोकावले होते. दोन दिवसांत डोकं उठलं. ज्यांना खरंच पोळलंय ते बोलतात तिथे, बोलू देत बिचारे. पण हे बघ." तिने भिंतीकडे बोट केलं. कोट, स्वेटर, पडदे. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली, प्रत्येकाला कुठेतरी भोक. "माझ्याकडे येतो तो कपडा फाटकाच असतो. धड कपडे लोकांच्या अंगावर फिरतायत. मग इथे बसून मी म्हणू का, की शहरात एक कपडा धड उरला नाही?"

ही हटली नाही. "मग तू तरी लिहायचंस तिथे. बरी आहे म्हणून."

"काय लिहू? सकाळी दुकान उघडते, गुडघा दुखतो, भाचीला बघावंसं वाटतं. कोण वाचणार?" ताईची सुई थांबली. "आणि तुझ्यासारख्यांबद्दल काय लिहितात तिथे, ते नाही वाचलंस?"

वाचलं होतं. धर्मात राहिलेले दगडाच्या काळजाचे असतात, सख्ख्या बहिणीलाही दार बंद करतात. ते वाचून तिचा तिळपापड झाला होता. 'आम्ही काय असे आहोत का?' असं तिने नवऱ्याला तावातावाने विचारलंही होतं. आणि आज नेमकं तेच करायला ती बाळाला घेऊन एवढी पायपीट करून आली होती.

पाठ केलेलं सगळं तिने गिळलं. ताईच्या मांडीवरचा कोट उचलून बाजूला ठेवला आणि तिथे पोरीला बसवलं.

"रविवारी घरी ये," ती म्हणाली. "बाकीच्यांना काय सांगायचं ते मी बघते."

ताईने पोरीला दोन्ही हातांनी जवळ घेतलं. आणि होकाराची मान डोलावली.

तुमच्याही घरातून कुणी असं हळूच बाजूला झालं असेल, आणि कुठेच काही लिहीत नसेल. आज फोन लावा. जेवलीस का, एवढंच विचारा.