ढालीचा फोटो

"सयाजी कुठं हाय?" काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून यल्लाप्पा फोटोवाल्यानं विचारलं.

शाळेच्या पटांगणात कबड्डीचा अख्खा संघ मांडून ठेवला होता. पुढे मांडी घालून बसलेले, मधे बाकावरचे, मागे उभे. मधोमध खुर्चीवर चौऱ्याहत्तर सालची जिल्ह्याची ढाल. सांगलीच्या मैदानावर जिंकून आणलेली, गावाची पहिलीच.

"त्यो घरी हाय. दारात बसलाय," कप्तान लालासाहेब म्हणाला. "त्याला सोडून काढा."

सयाजी त्याचा धाकटा भाऊ. तो दारात का बसलाय, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या बहिणीचं, विजयमालाचं, औंधकडच्या बागायतदाराच्या घरात ठरलं होतं. सुपारी फुटली होती. तुळशीची लग्नं झाली की अक्षता. आणि सुपारी फुटून आठवडा होतो न होतो तोच आईनं, चंद्राबाईनं, लालासाहेबाच्या कानावर घातलं, "त्यो तुमच्या संघातला गुंडा लय येळा आपल्या दारावनं जातुया. त्याची नजर मला बरी दिसत न्हाई."

तेव्हापासून दोघा भावांची झोप उडाली. पोरगी पळाली तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. बरं, गुंडाला संघातून काढावं, तर चढाईला त्याच्या तोडीचा गडी नव्हता. ढाल त्याच्याच जिवावर आलेली. मग लालासाहेबानं आपल्या डोक्यानं बंदोबस्त केला. एक भाऊ दारात, दुसरा गुंडाच्या मागं.

विजयमालानं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मॅट्रिक झाल्यावर तिनं मिरजेच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायचं खूळ घेतलं होतं, तेव्हा दोन दिवस उपाशी राहिली होती. "परक्याच्या जखमा धुवाय जाती व्हय?" एवढं बोलून लालासाहेबानं ते मिटवलं. आता ती मुकाट भाकऱ्या थापायची. पोरगी शहाणी झाली, असं त्याला वाटायचं.

एवढ्यात चंद्राबाई पितळी ताट घेऊन आली. फोटोआधी ढालीला हळद-कुंकू लावायचं होतं. फोटोची हौस मुळात तिचीच. इस्लामपूरच्या बाजारात जाऊन यल्लाप्पाला तीच सांगून आली होती. ढालीला कुंकू लावून तिनं ओळीवरून नजर फिरवली.

"सयाजी दिसंना?"

"दारात कुणीतरी पायजे का नगं?"

"म्हंजे माझा एक ल्योक फोटूत अन् एक उंबऱ्यावर? ढाल काय दरसाल येती व्हय रं? मी बसते दारात. त्याला धाडते. फोटूत सगळी आली पायजेत."

"डोळा लागू दिऊ नगंस, आये."

"मी काय आज आई झालेय?" असं म्हणून ती ताट काखेत मारून गेली.

सयाजी धापा टाकत आला. लालासाहेबानं गुंडाला मागच्या ओळीत आपल्या दोघांच्या मधे घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. बघणाऱ्याला वाटावं, काय ही दोस्ती.

"दादा, खांदा दुखतुया," गुंडा म्हणाला.

"दुखू दे. फोटूत जवळीक दिसती."

यल्लाप्पानं सगळ्यांना रस्त्याकडं पाठ करायला लावली होती, म्हणजे ऊन तोंडावर पडेल. "छाती फुडं काडा. मान हलवायची न्हाई. जो हलंल त्यो भूत दिसंल."

मागे रस्त्यावर एसटी येऊन थांबली. हॉर्न वाजला, धुरळा उडाला. मागच्या ओळीतल्या माना वळवळल्या.

"मागं बघू नगा! गाडी रोजच येती, फोटू रोज न्हाई!" यल्लाप्पा ओरडला.

सगळे खांबासारखे उभे राहिले. फोटो निघाला. एसटी गेली. गुळाचा चहा झाला.

भाऊ घरी आले तेव्हा चंद्राबाई उंबऱ्यावर बसून कपाळ बडवून घेत होती. "जरा चूल फुकाय आत गेले रं, अन् पोरगी मळ्याच्या वाटंनं गेली!"

विजयमाला नव्हती. तिची पत्र्याची पेटीही नव्हती.

लालासाहेब तसाच पटांगणाकडं पळाला. गुंडा बाकं उचलून शाळेत ठेवत होता.

"मी तर तुमच्या हाताखालीच हुतो, दादा," तो म्हणाला. हे काही खोटं नव्हतं.

मग दुसरा कोण? भावांनी गावातला तरणा गडी न् गडी मोजला. एकही कमी भरेना. मळ्याची वाट कराडकडं जाते, म्हणून कराड धुंडाळलं. एक माणूस म्हसवडपर्यंत जाऊन आला. "कुणासंगं गेली?" एवढा एकच प्रश्न घरात उरला होता. औंधकरांनी सोयरीक मोडली. लालासाहेबाला अन्न गोड लागेना. चंद्राबाई त्याच्यासमोर डोळ्याला पदर लावायची आणि त्याला भाकरी वाढायची.

पुढच्या आठवड्यात यल्लाप्पा फोटो घेऊन आला.

"असा फोटू तालुक्यात न्हाई," तो खुशीत म्हणाला. "मागच्या गाडीवरची पाटीसुदीक वाचा!"

लालासाहेबानं फोटो उजेडात धरला. ढाल झकास आली होती. सयाजी ताठ. तो स्वतः कपाळाला आठ्या घालून. अख्ख्या संघात हसत होता तो एकटा गुंडा. गुंडाच्या खांद्यामागे एसटी उभी होती. पाटी होती मिरजेची. दाराच्या पायरीवर विजयमाला होती.

तिच्याबरोबरचा गडी त्याला सापडेना. गाडीत बघितलं, खाली बघितलं, धुरळ्यात बघितलं. गडी नव्हताच. खालून कुणीतरी तिची पेटी वर देत होतं. लुगड्याचा पदर खोचलेला. काखेत पितळी ताट.

चुलीपुढून चंद्राबाईनं मान न वळवता विचारलं, "लाला, सगळी आली का रं फोटूत?"

"आली," लालासाहेब म्हणाला. "तूबी आलीयास."