विल्सनचा हलका ॲम्प

कातडी पट्ट्याखाली, कमरेवर उठलेलं घामोळं.

निलगिरीच्या तेलाचा वास. रविवारी चर्चमधल्या मिस्सालासुद्धा.

एक निळा दिवा. तो नको म्हणे.

कोंबड्यांनी टोचून टोचून अंगणभर केलेला थर्माकोल.

"ह्यो आवाज माका नको."

यातली प्रत्येक गोष्ट रोशेलच्या डोक्यात गेली होती.

तिचा बाप विल्सन मालवणपासून दोडामार्गापर्यंतच्या लग्नांत बेस गिटार वाजवायचा. त्याचा ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं लाकडी धूड, दोन्ही बाजूंना दोन लोखंडी कड्या. एकट्या माणसाला तो जागचा हलत नसे. विल्सनच्या मणक्यातली चकती सरकली, तेव्हा कुडाळच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, "यापुढे वजन उचललंत तर उभं राहून वाजवणं विसरा." तेव्हापासून रोशेल हलका ॲम्प शोधत होती. बँडमध्ये गाणारी तीच, गाडी चालवणारी तीच आणि सकाळी बापाला खाटेवरून उठवणारीही तीच.

पहिला ॲम्प आला. "ह्येचो पंखो वाजता," विल्सन म्हणाला. समोर दोनशे माणसं नाचत असताना याला ॲम्पमधला पंखा ऐकू येणार होता. तो परत गेला. दुसऱ्याचा दिवा निळा होता. "दारूच्या बारात बसल्यासारख्या वाटता." रोशेलने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. तर म्हणे, आता चालू की बंद तेच कळत नाही. तोही परत गेला.

तिसरा आज बलकांवात, दारापुढच्या ओसरीत, बाकासमोर ठेवलेला होता. गोव्यातल्या चार बेसवाल्यांना फोन करून करून रोशेलने तो निवडला होता. भरल्या घागरीहून हलका. वर एकच मूठ. संध्याकाळी कसालच्या हॉलवर रिसेप्शन होतं, आणि आज हा ॲम्प जाणारच, असं ती मनाशी ठरवून बसली होती.

विल्सनने वायर जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. खिडकीची काच थरथरली. माडावरचा कावळा उडाला.

"आता सांगा," रोशेल म्हणाली.

"ह्येका पोट नाय."

"काच हलली, पप्पा."

"काच जुनी आसा."

"हॉलवर साऊंडवाल्याचे डोंगराएवढे स्पीकर आसतत. ह्येची वायर त्येका दिली की झाला."

"साऊंडवालो बेस कापता. गाणारीक उचलता नि माका कापता."

"गाणारी मीच आसंय."

"मगे तुका म्हायतच आसतला. आणि ह्यो हातात घेवन गेलंय तर लोकांक वाटात, म्हातारो जेवणाचो डबो घेवन इलो."

रोशेलने डोळे मिटून घेतले. समोरचा माणूस बाप नसता तर तिने तो ॲम्प त्याच्या डोक्यावर ठेवला असता.

तेवढ्यात फाटक वाजलं. पेद्रू आला. कार्यक्रम असला की तो असाच आधी येऊन थांबायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात काळा बो, पॉलिश केलेले बूट. बँडचा पोशाख. एकेकाळी तो बँडचा लीड गिटारवाला होता. अर्धांगाच्या झटक्यातून तो उठला, पण डाव्या हाताची बोटं वळेनात. गिटार सुटली. आता तो उजव्या हाताने ॲम्पची एक कडी धरायचा, दुसरी विल्सन. ॲम्प स्टेजवर चढला की तो कडेच्या खुर्चीत बसायचा, आणि निघताना पुन्हा कडी धरायचा.

"अंकल," रोशेल म्हणाली, "बँडात सगळ्यात बरो कान तुमचो. तुमीच सांगा ह्येंका. एकट्याक एका हातान उचलता येता ह्यो. आणखी काय व्हया?"

विल्सनने मान वर केली नाही.

"वाजय रे," पेद्रू म्हणाला.

विल्सनने वाजवलं. वाईट वाजवलं. त्याची बोटं अशी कधीच चुकत नसत, हे रोशेलला ठाऊक होतं.

"नीट वाजय."

विल्सनने नीट वाजवलं.

पेद्रू शेवटचा सूर विरेपर्यंत थांबला. मग वायर काढून त्याने तो ॲम्प उजव्या हातात उचलला. पायऱ्या उतरून अंगणात गेला, थर्माकोलमधून एक फेरी मारली आणि परत येऊन ॲम्प होता तिथे ठेवला.

"आवाज बरो आसा, विल्सू. घे तो." त्याने गळ्यातला बो सैल केला. "मगे कसालाक माजा काय काम?"

विल्सनने वायर कोपरावर गुंडाळली आणि खुंटीला अडकवली. मग तो भिंतीकडे गेला, जुन्या धुडाशी वाकला, एक कडी धरली आणि तसाच वाकून उभा राहिला.

"चल रे," तो म्हणाला. "उशीर जाता."

डॉक्टर, फोटो, मणका, सगळं रोशेलच्या ओठांपर्यंत आलं. ती उठली. बापाच्या मागे गेली आणि त्याचा कातडी पट्टा एका भोकाने आवळला. जरा जास्तच जोरात.

"मारतंस काय गो?"

"होय."

पेद्रूने बो सारखा केला आणि दुसरी कडी धरली. धूड उचललं गेलं. विल्सन कण्हला.

"हळू रे, गाढवा," पेद्रू म्हणाला.

"गाढव तू. पायरी बघ."

रोशेल बलकांवात उकिडवी बसून तिसरा ॲम्प पुन्हा खोक्यात कोंबू लागली. थर्माकोल पुरेना.

"चौथो बघू नको," गाडीपाशी पोचल्यावर विल्सन ओरडला.

दुकानातून आला तेव्हा त्या जुन्या ॲम्पला खाली चार चाकं होती. पेद्रू हॉस्पिटलातून घरी आला, त्याच आठवड्यात विल्सनने ती काढून टाकली.