डुप्लिकेट

घाटातल्या पुलावरून हीरोच्या जागी उडी मारली होती ती इगतपुरीच्या बहिरूने. खाली रचलेले खोके ऐनवेळी सरकले आणि त्याचं कंबरेखालचं अंग कायमचं गेलं. चार वर्षांनी, २००२ साली, त्याच सिनेमाचा दुसरा भाग नाशिकला लागला. त्यात ती उडी पुन्हा दाखवलीय असं कळलं, तशी त्याची बायको मैना हट्टालाच पेटली. दुपारच्या खेळाला नवऱ्याला पाठुंगळी घेऊन ती थेटराच्या पायऱ्या चढली.

सुरुवातीलाच पडद्यावर बहिरू पुलावरून धावला, उडाला आणि पडला. शिट्ट्यांनी थेटर दणाणलं. मैनाने पदर तोंडात कोंबला. पुढे मात्र खाटेवर हीरो पडलेला होता. त्याचेही पाय गेले होते. त्याची ती दशा बघून सगळ्या बायका मुसमुसत होत्या. मध्यंतरानंतर एका म्हाताऱ्या डॉक्टरने त्याच्या पाठीत सुई टोचली, हीरो थरथरत उभा राहिला, आणि शेवटी धावत्या ट्रकवर चढून त्याने वीसजण लोळवले.

परतीच्या जीपमध्ये घोटी आली, तशी मैनाने बहिरूच्या पायांवरची चादर सारखी केली. मग हळूच म्हणाली, "तो डाक्तर खरा आसंल का हो?"

बहिरूने आठ वर्षं खोट्या काचा फोडल्या होत्या, खोट्या रक्तात लोळला होता. आता तो हसणार, म्हणून मैनाने मान खाली घातली.

"पत्ता काढ," बहिरू म्हणाला.