लिटरला सोळा

"ताई, नव्या रुग्णवाहिकेला दोष देऊ नका," माझ्या वडिलांच्या, नानांच्या दहाव्याला आलेले आरोग्य केंद्राचे साहेब म्हणाले. "लिटरला सोळा देते. नाना चालवायचे ती जीप आठच द्यायची, म्हणून तर लिलावात काढली."

"आठच द्यायची," मी म्हणाले, "पण चारही चाकांनी घाट चढायची. बावीस वर्षांत तिच्यातला एकही पेशंट वाटेत अडकला नाही."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग मी उरलेलंही ऐकवलं.

छातीत कळ आल्यावर नानांना नव्या गाडीत झोपवलं होतं. चिखलातल्या चढावर ती गुरगुरत मागे सरकू लागली. नानांनी डोळे मिटूनच इंजिन ऐकलं. "पहिला गिअर टाक, बाळा."

ड्रायव्हर रडत म्हणाला, "पहिलाच आहे, नाना."