तिसरी मान

पाच तासांच्या प्रवासात कारागिरानं मांडीवरचं खोकं एकदाही खाली ठेवलं नाही. शेजारच्यानं दोनदा सांगून पाहिलं, अहो, वर ठेवा की. कारागीर ढिम्म. खोक्यात गिटारची मान होती, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या तो लांबट लाकडी भाग. या एकाच गिऱ्हाइकासाठी केलेली ही तिसरी. आधीच्या दोन कुरिअरनं पाठवल्या होत्या, आणि दोन्ही वेळा तिकडून मोडक्या मानेचा फोटो आला होता.

गिऱ्हाईक एके काळचा नावाजलेला वादक. आजारपणात त्याची डाव्या हाताची बोटं आखडली होती. त्यानं कागदावर पंजा टेकवून पेन्सिलीनं आखून पाठवला आणि त्या मापाची अरुंद मान मागितली. असली मान तयार कुठं मिळत नाही. कारागिरानं प्रत्येक वेळी तीन आठवडे घासून घासून ती केली होती.

पॅकिंग मात्र दादाचं, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचं. सत्तावीस वर्षं दुकानातून बाहेर पडलेलं प्रत्येक खोकं दादाच्या हातचं. पुठ्ठ्याचे दोन थर, मध्ये फोम, मानेच्या टोकाखाली लाकडाची छोटीशी उशी. शेवटी खोकं कानाशी धरून हलवायचं, आणि आत जरा काही हललं की सगळं उसकटून पुन्हा पहिल्यापासून. बाळाला दुपटं गुंडाळतोय की काय, असं सगळे त्याला चिडवायचे. पण सत्तावीस वर्षांत एक वस्तू मोडली नव्हती. आणि आता लागोपाठ दोन.

पहिल्या वेळी कारागिरानं कुरिअरवाल्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या वेळी त्यानं दादाकडे नुसतं पाहिलं. दादानं टेपचा रोल टेबलावर ठेवला. म्हणाला, "माझ्या हातात आता राम राहिला नाही रे." त्यावर 'छे, काहीतरीच काय' एवढं म्हणायला हवं होतं. कारागीर गप्प राहिला. दुसऱ्या दिवसापासून दादा दुकानात यायचा बंद झाला. घरी भिंतीकडे तोंड करून बसतो, असं वहिनी सांगत होती.

मोडलेला माल परत मागवायचा नाही, गिऱ्हाइकाला उलटा प्रश्न विचारायचा नाही, मुकाट्यानं नवा करून द्यायचा, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. दुकानाचं नाव त्यावरच उभं होतं. त्यामुळे फोटोपलीकडे कुणी काही पाहिलं नव्हतं.

या वेळी पॅकिंग कारागिरानं स्वतः केलं आणि स्वतःच पोचवायला निघाला. ही मान धड पोचली, तर खोट दादाच्या हातातच होती यावर शिक्कामोर्तब होणार आणि दादा पुन्हा दुकानात पाऊल टाकणार नाही, हे त्याला कळत होतं. पण गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही मोडता येत नव्हता.

दार वादकाच्या बायकोनं उघडलं. बरं झालं स्वतःच आलात, म्हणाली. हे रोज विचारतात, पार्सल कुठवर आलं. त्याला आतल्या खोलीत बसवून ती चहा ठेवायला गेली. वादक खुर्चीत होता, डावा हात मांडीवर. कारागिरानं टेप कापली, झाकण उघडलं. मान धड होती. वादकानं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

तेवढ्यात कारागिराला फळीवर दादाची दोन खोकी दिसली. एकात लोकरीचे गुंडे, दुसऱ्यात औषधं. त्यानं एक खोकं उतरवलं. चारही कोपरे करकरीत, कुठं साधा पोचा नाही.

"मोडलेल्या कुठं आहेत?" त्यानं विचारलं. वडिलांचा नियम तिथंच मोडला.

वादकानं उजव्या हातानं कपाटाकडे बोट दाखवलं. दोन्ही माना तिथं चादरीखाली होत्या. पॉलिशवर दोन्ही बाजूंनी सरळ चपटे वळ उठले होते. दाराच्या फटीत धरून जोर लावल्याशिवाय असे वळ उठत नाहीत.

वादकानं आढेवेढे घेतले नाहीत. पहिली मान आली त्याच दिवशी बोटं ठेवून पाहिली, म्हणाला. नुसती ठेवता येतात, दाबता येत नाहीत. खोट मानेत नव्हतीच. पण मान आली की हे वाजवणार, या एका आशेवर बायको त्याचं सगळं करत होती.

कारागिराला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. सत्तावीस वर्षांपेक्षा त्यानं दोन फोटोंवर विश्वास ठेवला होता. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या भावाबद्दल त्यानं वादकाला सांगितलं. थोडक्यातच, पण काही हातचं न राखता.

"त्यांना आजच खरं सांगा," वादक म्हणाला. "फक्त हिला नका सांगू."

बाहेर कपबशांचा आवाज आला. कारागिरानं मोडक्या मानांवर चादर ओढली, खोकं फळीवर ठेवलं आणि नव्या मानेवर झाकण दाबून बसवलं. वादकाची बायको ट्रे घेऊन दारात उभी होती. या वेळी तरी नीट पोचली ना, तिनं विचारलं.

"नाही हो, वहिनी," कारागीर म्हणाला. "या वेळी दादानं बांधली नव्हती. मी बांधली."