परवानगी

पहिलीतली मोनाली तिसऱ्यांदा ओल्या स्कर्टनं घरी आली, तशी तिची आई वच्छला बांधीतली धानाची रोवणी टाकून थेट तिरोड्याच्या कॉन्व्हेंटात धडकली.

"पहिलीत आम्ही सगळ्यांत आधी शिस्त शिकवतो," प्रिन्सिपल मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "बाथरूमची परवानगी इंग्लिशमध्येच मागायची. तुमची मुलगी त्या गोंडीत पुटपुटते. आम्हाला काय कळणार?"

वच्छलानं मान डोलावली. मग खुर्ची ओढून केबिनच्या दारातच ठाण मांडलं. "मॅडम, आता तुमाले भाईर जाचं असन, तं गोंडीत विचारा."

मॅडम आधी हसल्या. मग इंग्रजीत रागावल्या. मग शुद्ध मराठीत पोलिसांची धमकी देऊन झाली. वच्छला हलली नाही. तासाभरानं मॅडमचा चेहरा कसनुसा झाला. त्या पाय आवळत उठल्या आणि कळवळल्या, "सरक ना वो बाई! काऊन जीव घेऊन राहिली? जोरात लागली ना मले!"

वच्छलानं लगेच खुर्ची बाजूला घेतली.

"जा मॅडम, जा. एवढं समजाले कायले लागते शाळा?"