दाराआड काय आहे?

"युद्धाच्या गेमचा आठवा भाग, मोटारींच्या शर्यतीचा अकरावा आणि फुटबॉलचा दरवर्षीसारखा नवा," साहेबांनी कंपनीचे पुढच्या वर्षीचे गेम वाचून दाखवले आणि कथालेखकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि आपल्या दीपगृहाच्या गेमचा तिसरा भाग?" तो उसळलाच. "दुसरा भाग कुठे सोडलाय, आठवतंय का? ती मुलगी दीपगृहाच्या शेवटच्या दारावर हात ठेवते आणि गेम संपतो. लोक अजून विचारतात. माझी सख्खी बहीण रोज जेवताना डोकं खाते, दादा, दाराआड काय आहे? आणि तुम्ही मात्र त्याच त्या मोटारी रंग बदलून विकता!"

दरवर्षी हसून विषय टाळणारे साहेब आज चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिले.

"बरं बाबा, जिंकलास. मोटारी राहू देत, आधी तुझं दीपगृह करू," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता सांग, दाराआड काय आहे?"

त्याची इतकी वर्षं या दारासाठी भांडण्यात गेली. ते उघडून बघायचं राहूनच गेलं होतं.

"उद्या सांगतो," तो कसाबसा म्हणाला.

संध्याकाळी बहिणीने उंबऱ्यातच गाठलं. "दादा, काय म्हणाले रे साहेब?"

बुटांच्या नाड्या सोडताना त्याने मान वर केली नाही. "नाहीच म्हणाले. त्या माणसाला गोष्टीची कदरच नाही गं."